नवरा म्हणतो "मी बरा आहे, कटिंगला जातो". पाठवावं का?

हिप्परगा, सोलापूर

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

आमचे हे गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत, वय ४४. इकडे पूर्व भागात गल्लोगल्ली शाळेचे गणवेश शिवले जातात, त्यातलाच एक मध्यम कारखाना. गेल्या जुलैत रात्री कामावरून येताना मागून टेम्पोनं उडवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धीचा स्कोअर १५ पैकी ७ होता. त्याच रात्री कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. व्हेंटिलेटर, गळ्याला भोक, नाकातून नळी, सगळ्यातून गेले. एमआरआयमध्ये कपाळाच्या मागे मेंदूच्या दोन्ही बाजूंना मार आलाय. घरी आणलं तेव्हा कूस बदलायलाही दोघं लागायचे. आता चालतात, जिना चढतात, सही करतात. फिजिओवाले म्हणतात, माझं काम संपत आलं.

पाहुणे आले की दहा मिनिटं अगदी पहिल्यासारखे बोलतात. कोण कुठं असतं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं विचारतात. पाहुणे उठताना मला म्हणतात, "चांगले झाले की हो!" ते गेले की हे पलंगावर बसतात आणि बसूनच राहतात. अंघोळीचं पाणी काढून देते, टॉवेल खांद्यावर टाकते. "करतो" म्हणतात. पाणी गार होतं. भूक लागली असेल तरी मागत नाहीत. मी पतसंस्थेत कामाला जाते, दुपारी घरी फोन केला की सांगतात "जेवलो", आणि संध्याकाळी बघावं तर ताट झाकलेलं तसंच.

आणि राग. अपघाताआधी या माणसानं घरात आवाज चढवलेला मला आठवत नाही. परवा मुलानं अभ्यासाला बसताना पंखा बारीक केला तर ताट भिरकावलं. मुलगा दहावीला आहे, तो आता हे उठायच्या आत क्लासला निघून जातो. संक्रांतीला हौसेनं गड्ड्याच्या जत्रेला नेलं होतं. होम मैदानावर पाळण्यांचा आवाज, कर्णे, गर्दी. मधेच कानांवर हात ठेवून खाली बसले. उठवता उठेनात.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. दीर म्हणतात, "वहिनी, बसून बसून आळस चढलाय. कामाला लावा, आपोआप सुटेल." दीर वाईट नाहीत, दवाखान्यात रात्री त्यांनीच काढल्या, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं.

आता मुख्य प्रश्न. मालकांनी जुलैपासून अर्धा पगार चालू ठेवलाय. शाळांचा सीझन सुरू झाला, ते म्हणतात मास्तरांना पाठवा, जमेल तेवढं करतील. ह्यांना तर जायचंच आहे. रोज सकाळी गाडीची किल्ली शोधतात. किल्ली मी पर्समध्ये ठेवते. "मला काय झालंय? कालच वीस तागे कापून आलो" असं ठामपणे सांगतात. खोटं बोलतात असं नाही, त्यांना तसंच वाटतं. दवाखान्यातले फोटो दाखवले तर म्हणतात, "तेव्हा होतं. आता काय?"

ज्यांना कटिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाचे चाळीस-पन्नास थर टेबलावर अंथरायचे, वर खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याची मशीन त्यातून फिरवायची. ते पातं बोटाला थांबत नाही.

पाठवू का? घरी ठेवलं तर अजून खचतील का? आणि त्यांना काय झालंय हे त्यांना कसं पटवायचं? जे यातून गेलेत त्यांनी सांगा. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या आणि टाके काढायची तारीख एवढंच होतं.

बार्शीवाला

ताई, तुमचे मिस्टर आज जिथं आहेत तिथं मी होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी घराच्या स्लॅबवरून पडलो, मारही कपाळाच्या बाजूलाच. आज दुकान सांभाळतो, पोरांचे अभ्यास घेतो. ते आतून कसं असतं एवढंच सांगतो, कारण ते तेव्हा मला सांगता येत नव्हतं.

अंघोळीचं वाचून थांबलो. मला अंघोळ नको असायची असं नाही. करायची आहे हे पक्कं असायचं. पण उठणं, टॉवेल घेणं, कडी लावणं, यातलं पहिलं कुठलं हे सुचायचं नाही, आणि सुचत नाही याचा त्रासही व्हायचा नाही. तास गेला हे घड्याळ बघून कळायचं. बायको ओरडली की एवढंच कळायचं की ही चिडलीय. का, ते नाही कळायचं. याला आळस म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, आळशी माणूस भुकेला तरी उठतो ना? मी उठत नव्हतो.

"करा" म्हणून मला काही व्हायचं नाही. "उठा" म्हटलं की उठायचो. "माझ्याबरोबर चला" म्हटलं की चालायचो. न्हाणीत तांब्या हातात दिला की पुढचं सगळं हात आपोआप करायचे. एकदा चाक फिरलं की फिरायचं, धक्का मात्र बाहेरून लागायचा. पुढे बायकोनं माझ्या मोबाइलमध्ये तिच्या आवाजातले गजर लावले. "आता उठून ताट घ्या. फडताळात डावीकडं आहे." ती घरी नसतानाही आवाज तिचाच. यानं फार फरक पडला. तुम्ही कामाला जाता, तुम्हाला हे उपयोगी पडेल.

गड्ड्यावर झालं ते माझं आमच्या बार्शीच्या भगवंताच्या रथाच्या गर्दीत झालं होतं. सगळे आवाज एकाच उंचीचे येतात, शेजारचा माणूस बोलतोय ते आणि लांबचा भोंगा यात फरक करता येत नाही. तेव्हा चिडणं आणि खाली बसणं हे दोनच मार्ग उरतात. संध्याकाळी जास्त चिडतात का, बघा. मी दुपारी दोननंतर कुणाच्या कामाचा नसायचो. दुपारी अंधाऱ्या खोलीत तासभर आडवं होणं हे माझं औषधच होतं.

कामाचं सांगतो. मला आधी आडतीवर पूर्ण दिवस बसवलं होतं. दुपारनंतर आकडे पुढचे मागे व्हायचे, मला पत्ता नसायचा, आणि लोकांसमोर बोलणी बसायची. ते बंद झालं तेव्हा मी फार खाली गेलो. वर्षभरानं दोन तासांपासून सुरू केलं ते टिकलं. म्हणून पाठवू नका असं म्हणत नाही, पाठवाच, पण पहिल्यांदा जाताना पडायला होऊ नये एवढं बघा.

उंबरठा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवते, मेंदूला मार लागलेल्या रुग्णांबरोबरच काम करते. वरच्या दादांनी जे सांगितलं ते आम्ही वर्गात शिकवतो त्यापेक्षा नेमकं आहे.

आधी घरच्यांसाठी. मेंदूचा पुढचा भाग दोन कामं करतो. एक, कृतीला सुरुवात करून देणं. दुसरं, आपण काय करतोय, ठीक चाललंय का, यावर लक्ष ठेवणं. तो भाग दुखावला की माणूस सुरुवात करत नाही, आणि आपलं काही चुकतंय ही खबरही त्याच्यापर्यंत पोचत नाही. "मी बरा आहे" हे ते मनापासून म्हणतात कारण त्यांना तसंच जाणवतं. "कालच तागे कापले" हेही तसंच आहे, आठवणीतली रिकामी जागा मेंदू जुन्या आठवणीनं भरतो. तेव्हा फोटो, रिपोर्ट, वाद यांनी पटणार नाही. वादात ते हरतील किंवा चिडतील, शिकणार नाहीत. तुमच्या दीरांना हे वाचायला द्या. दवाखान्यात रात्री काढणारा माणूस समजून घेईल.

पटतं ते स्वतःच्या हातानं केलेल्या कामातून, आणि तुमच्याकडे त्यासाठी उत्तम साधन आहे. घरी एक जुनी चादर किंवा वर्तमानपत्राचे कागद जोडून टेबलावर अंथरा. खडू, टेप, पट्टी द्या. कात्री नको, मशीन तर नाहीच. सांगा, "मुलाच्या मापाची हाफ पॅन्ट आखून दाखवा." पण सुरू करण्याआधी त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या: किती वेळ लागेल, किती भाग आखायचे, चूक होईल का. मग करू द्या. मधे बोलू नका, सुचवू नका. झाल्यावर त्यांनीच वहीतल्या यादीशी ताडून बघायचं. चूक तुम्ही दाखवायची नाही. सापडली नाही तर एवढंच विचारा, "यादीतलं सगळं आलं का?" आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, घरात शांतता असताना. मुलालाही यात घ्या. बापाला चिडलेलाच बघण्यापेक्षा काम करताना बघणं त्याच्यासाठीही चांगलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. वर्षानुवर्षं हातात मुरलेलं कसब बऱ्याचदा शाबूत राहतं. धोका तिथंच आहे. खडू पूर्वीसारखाच सफाईनं चालेल, बघणाऱ्यांना वाटेल मास्तर परत आले, आणि लक्ष मात्र दहाव्या मिनिटाला सुटेल. म्हणून उभ्या पात्याची मशीन सध्या नाही, आणि गाडीही नाही. दोन्हींना न्यूरोसर्जनची लेखी परवानगी आल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. "मी नको म्हणते" असं न म्हणता "डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय" असं सांगा. तो कागद खरंच लिहून घ्या आणि किल्ली असायची त्या खिळ्यावर लावा. रोजच्या भांडणातून तुम्ही बाजूला व्हाल.

कारखान्यात मात्र कटिंगखेरीज खूप कामं असतात. पॅटर्नचे कागद लावणं, कापलेल्या भागांना नंबर टाकणं, गठ्ठे बांधणं, तयार मालाची मापं तपासणं. मालकांना भेटून यातलं एकच काम निवडा. सकाळचे दोन तास, ठरलेली एकच जागा, शक्यतो शिलाई मशीनच्या रांगेपासून आणि इस्त्रीच्या वाफेपासून लांब. भिंतीवर कामाची यादी, झालं की खूण. त्यांच्यावर नजर ठेवायला एक ओळखीचा कारागीर. तीन-चार आठवडे हे जमलं तरच वेळ वाढवायची. सोलापूरचा एप्रिल-मे आणि पत्र्याची शेड हे त्यांच्यासाठी अवघड जाणार, तेव्हा उन्हाळ्यात वेळ वाढवू नका.

दाखवायचं कुठं? सिव्हिलच्या मानसोपचार विभागात राग आणि झोपेसाठी दाखवता येईल. पुण्या-मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी आणि न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी होते. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते, सरकारी आहे. बंगळुरूचं निम्हान्स, मेंदू आणि मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय, तुम्हाला रेल्वेनं थेट आहे. लक्ष, स्मरण, नियोजन यांची मोजणी एकदा झाली की काम किती वाढवायचं हे अंदाजानं ठरवावं लागत नाही.

आणि सुधारणेचं. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त असतो, म्हणून लोक समजतात पुढे थांबतं. थांबत नाही, हळू होतं. वर्ष-दोन वर्षांनंतरही माणसं नवं काही करू लागताना मी बघते.

सुखी_माणूस

ताई, स्टेम सेलचं इंजेक्शन करून घ्या. माझ्या मित्राच्या मेव्हण्यानं केलं, मेंदू नवा तयार होतो म्हणे. खर्च आहे पण जिवापुढे काय.

रात्रपाळी

मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे. वरच्या सल्ल्यावर आधी बोलते. डोक्याच्या इजेसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा आजारात तो फक्त नोंदणी झालेल्या संशोधनातच देता येतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी लाखात आकडा सांगितला तर उठून या. ते पैसे वर्षभराच्या थेरपीला पुरतील.

हिप्परगा ताई, ७ स्कोअर म्हणजे गंभीर इजा. ८ आणि त्याखालच्यांना आम्ही गंभीर धरतो. तिथून स्वतःच्या पायानं चालत घरात फिरणारा माणूस ही तुमच्या घरानं केलेली मोठी कमाई आहे. आता चार गोष्टी विचारते.

फिटची गोळी कोणती चालू आहे? लेव्हेटिरासेटॅम असेल तर तिच्यामुळं काही जणांत चिडचिड आणि राग वाढतो. ताट फेकण्याचं मूळ सगळं मेंदूत असेलच असं नाही. पण गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना राग कधीपासून वाढला ते तारखेनिशी सांगा, त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात.

वास येतो का? कपाळावर मार बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वास जातो आणि कुणी विचारत नाही. वास गेला की चव जाते, म्हणून ताट झाकलेलं राहत असेल. आणि तुम्ही कामावर असताना घरात गॅस आहे, सासूबाई वयस्कर आहेत. गॅस गळला तर त्यांना कळणार नाही. शेगडी वापरून झाली की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, हा नियम आजच करा.

हार्मोन तपासलेत का? डोक्याच्या जोरदार मारानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन सांभाळणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीचं काम कमी पडू शकतं. थकवा, निरुत्साह, भूक नसणं, सगळं त्यानंही होतं. सकाळचं कॉर्टिसॉल, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत. कमी निघालं तर औषध आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण "डोक्याला मार लागलाय, असंच राहणार" म्हणून हे सुटून जातं.

फिट आलीच तर घरातल्या सगळ्यांनी, मुलानंही, हे पाठ करा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, जवळच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन.

आणि तुम्ही स्वतः झोपता का? १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो घरच्यांसाठीही आहे.

कोर्टरोड

वकील म्हणून थोडक्यात. अपघात दाव्याच्या प्राधिकरणात दावा लावलाय का? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६६ खाली सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, पण तिच्यावर वाद न्यायालयात गेलेला आहे. तेव्हा लावला नसेल तर उशीर झाला असं स्वतःच ठरवून बसू नका, याच आठवड्यात वकिलाला भेटा. लावला असेल तर घाईनं तडजोड करू नका. हात-पाय शाबूत दिसतात म्हणून रक्कम कमी धरली जाते. वर सांगितलेली न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी तिथं फार कामाची आहे. कटिंग मास्टरचं काम करता येत नाही हे नुकसान कागदावर यायला हवं. मालकांकडून आधीच्या पगाराचं पत्र घ्या.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असेल तर तेही बघा. कामावरून घरी येतानाचा अपघात त्यात कामावरचाच धरला जातो.

अपंगत्वाचं कार्ड: २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही, पण तिच्यामुळं राहिलेली वाचेची, हालचालींची किंवा मानसिक अडचण त्यात बसते. लाभासाठी साधारण ४० टक्के लागतात. सुधारणा चालू असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं.

हिप्परगा, सोलापूर

तुम्हा सगळ्यांना हात जोडते. दावा दिरांनी वेळेत लावलाय. बाकीचं सांगायला उशीर झाला कारण एकेक करून बघत होते.

वासाचं आधी सांगते. हिंगाची डबी नाकाखाली धरली, मग कांदा, मग उदबत्ती. काहीच नाही. तरीच शेंगाचटणी ज्यांना भाकरीपेक्षा जास्त लागायची ते "चव नाही" म्हणायचे आणि सासूबाई बिचाऱ्या तिखट वाढवत बसायच्या. त्यांना वाटायचं आपल्या हाताची चव गेली. आता समजल्यापासून त्या कुरकुरीत, गार-गरम, आंबट असं काही ना काही करतात. कडक भाकरी मोडून ताकात, हे आवडीनं खातात. रेग्युलेटर बंद करायचं काम मुलानं घेतलंय.

गोळी तीच निघाली. डॉक्टर दुसरी हळूहळू चालू करून ही कमी करतायत. हार्मोनची रक्त तपासणी लिहून दिली, थायरॉइड आणि बाकी ठीक आहे, कॉर्टिसॉल पुन्हा करायला सांगितलंय. गाडी आणि मशीन बंद असा कागद लिहून घेतला, खिळ्यावर लावलाय. पहिले दोन दिवस फाडायला निघाले. आता सकाळी जातात, वाचतात, परत येतात.

आणि हाफ पॅन्ट. हे मला नीट लिहायचंय.

रविवारी सकाळी टेबल मोकळं केलं. मुलगा घरी होता. जुनी खाकी चादर अंथरली. वहीत त्यांनी लिहिलं: अर्धा तास, चूक नाही. यादी लिहा म्हटलं तर भराभर लिहिली: पुढचे दोन, मागचे दोन, कंबरपट्टी, खिसे, चेनची पट्टी. मग उभे राहिले आणि नेहमीसारखे थांबले. मी काही बोलले नाही, खडू हातात दिला. त्यांनी आधी कापड दोन्ही हातांनी ओढून ताणा, म्हणजे उभा धागा, बघितला. मी हे लग्नापासून बघत आलेय, कापड हातात आलं की आधी ताणा बघायचा. तो बघितला आणि हात सुरू झाले. माप मुलाच्या कमरेकडं एकदा बघून घेतलं, टेप लावला नाही. नंतर मी लावला, बरोबर होतं. पुढचे भाग, मागचे भाग, शिलाईपुरती माया सोडून, एक रेघ वाकडी नाही. दीर दारात उभे राहून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर "सांगितलं नव्हतं का" असं आलं.

मग ते खडू ठेवून बसले. "झालं." कंबरपट्टी नाही, खिसे नाहीत, चेनची पट्टी नाही. घड्याळात तास होऊन गेला होता. मी विचारलं, "यादीतलं सगळं आलं का?" म्हणाले, आलं. वही पुढं केली. बोट ठेवून वाचत गेले. खिशापाशी आले आणि बराच वेळ कापडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खिसे राहिले की." आणि मुलाला म्हणाले, "मी कधी खिसा विसरत नाही बे."

जुलैपासून आपल्याकडून काही राहिलं असं ते पहिल्यांदा म्हणाले. मला आनंद झाला आणि त्यांच्याकडं बघून वाईटही फार वाटलं, कारण त्या दिवशी ते नंतर काही बोलले नाहीत. उंबरठा ताई, पटणं म्हणजे हेच असेल तर ते त्यांना दुखणार, याची आम्ही तयारी केली नव्हती. मुलानं मात्र पुढच्या वेळी आपणहून वही काढली, बाप-लेक दोघं बसले. खिसे आले, कंबरपट्टी राहिली.

दीर त्या दिवसापासून आळस हा शब्द काढत नाहीत. शनिवारी ते इथं थांबतात, मी माहेरी तुळजापूर नाक्याकडं जाऊन दुपारभर झोपून येते. माझ्या आवाजातले गजरही लावलेत. "ताट घ्या" हा चालतो. "अंघोळ" अजून कुणी उठवल्याशिवाय होत नाही.

मालकांना भेटलो. सोमवारपासून सकाळी दहा ते बारा, कापलेल्या भागांना नंबर टाकायचे. जागा आतल्या खोलीत, मशीनचा आवाज कमी येतो. तिथं एक जुने कारागीर आहेत, ह्यांच्याकडंच शिकलेले, ते शेजारी बसणार. दीर सोडतील आणि आणतील. मालक म्हणाले पगाराचं आपण नंतर बघू, आधी माणूस बसू दे.

एकच राहिलं. बाकीच्या कारागिरांना काय सांगायचं? हे तिथले मास्तर होते, पोरं त्यांना विचारून कापायची. आता ते नंबर टाकताना दिसणार. कुणी हसलं, किंवा कुणी "मास्तर, मशीन घ्या की" म्हटलं तर?

उंबरठा

खिशापाशी ते थांबले ते वाचून मला फार बरं वाटलं. हो, पटताना दुखतं. आपल्यात काय कमी झालंय हे कळू लागलं की बऱ्याच जणांचं मन खाली जातं. झोप कमी होणं, रडू येणं, "माझा काय उपयोग" असं बोलणं दिसलं तर वाट न बघता मानसोपचार विभागात दाखवा. त्यावर औषधं आहेत आणि ती थेरपीच्या आड येत नाहीत. कामाच्या दिवशी त्यांचं जमलेलं आधी वाचायचं, राहिलेलं नंतर.

कारागिरांना काय सांगायचं हे त्यांनाच विचारा, आणि सोमवारच्या आधी विचारा. तुम्ही दोन-तीन वाक्यं सुचवा, ते एक निवडतील. बहुतेक जणांना "डोक्याला मार लागलाय, डॉक्टरांनी मशीन बंद ठेवलीय, तोवर नंबर बघतो" हे चालतं. तेच वाक्य मालकांनी सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, म्हणजे ह्यांना दिवसभर एकेकाला सांगत बसावं लागणार नाही. मशीन घ्या म्हणणारा कुणी ना कुणी निघेलच, तेव्हा उत्तर शेजारच्या कारागिरानं द्यायचं, ह्यांनी नाही. आणि एखाद्या पोरानं ताण्याचं किंवा मापाचं विचारलं तर विचारू द्या. ते काम अजून त्यांचंच आहे.

बारा वाजले की काम अर्धं असलं तरी निघायचं, हे दिरांना सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात तेच सगळ्यात अवघड जाईल.